चार्टरवर मुदत २०२३ची आणि शाळा अजून चालू: करोनाकाळातल्या नियमांचं आज काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडते. तुमची मुलगी कॅलिफोर्नियातल्या एका चार्टर शाळेत शिकते आणि तुम्ही नुकतेच त्या शाळेच्या बोर्डावर आला आहात. पहिल्याच बैठकीत हाती आलेल्या चार्टरच्या, म्हणजे शाळेच्या परवान्याच्या, प्रतीवर मुदत ३० जून २०२३ अशी छापलेली तुम्हाला दिसली. शाळा तर रोज भरते आहे, आणि २०२५च्या शरदात नूतनीकरणाचा अर्ज जायचा आहे. करोनाच्या काळात शाळेला मिळालेल्या सवलती आणि पैसे, तेव्हा घेतलेले निर्णय यांतलं आज काय तपासलं जाईल, आणि नव्या बोर्ड सदस्याने कुठून सुरुवात करावी, हे तुम्हाला हवं आहे.

चार्टर शाळांचे हिशेब आणि नियमपालन हेच माझं अठरा वर्षांचं काम आहे. मार्च २०२० ते जून २०२२ या काळात निघालेला जवळजवळ प्रत्येक आदेश मी कोणत्या ना कोणत्या शाळेसाठी वाचून, छापून, फाइलला लावला आहे. तेव्हा सविस्तरच लिहिते.

आधी मुदतीचं, कारण ते एका बैठकीत निकाली निघेल. ९ जुलै २०२१ रोजी एबी १३० हा अर्थसंकल्पाबरोबरचा कायदा झाला (एबी म्हणजे राज्याच्या विधानसभेत मांडलेलं विधेयक, एसबी म्हणजे सिनेटमध्ये मांडलेलं). ज्या चार्टर शाळांची मुदत १ जानेवारी २०२२ ते ३० जून २०२५ या दरम्यान संपत होती, त्या सगळ्यांना त्याने दोन वर्षांची मुदतवाढ दिली. तुमची तारीख त्यामुळे ३० जून २०२५ झाली. मग २०२३ साली एसबी ११४ आला. ज्यांची मुदत १ जानेवारी २०२४ ते ३० जून २०२७ या दरम्यान संपणार होती, त्यांना आणखी एक वर्ष मिळालं. तुमची खरी मुदत म्हणून ३० जून २०२६. दोन्ही वाढी कायद्यानेच झाल्या, डिस्ट्रिक्टने (सरकारी शाळा चालवणाऱ्या आणि चार्टर देणाऱ्या स्थानिक संस्थेने) ठराव करण्याची गरज नव्हती. म्हणूनच बऱ्याच शाळांकडे त्याचा एकही कागद नाही. घरमालक किंवा बँक चार्टरची प्रत मागते तेव्हा पंचाईत होते. दोन्ही कलमांचा उल्लेख असलेलं एक पानी टिपण करून घ्या, बोर्डाच्या इतिवृत्तात नोंदवा आणि चार्टरच्या पहिल्या पानामागे लावून टाका.

मुदतवाढ का मिळाली, हे मात्र नीट समजून घ्या, कारण तुमचं नूतनीकरण त्यावरच उभं आहे. एबी १५०५ या कायद्यावर ऑक्टोबर २०१९मध्ये सही झाली आणि तो १ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार नूतनीकरणाच्या वेळी शाळा वरच्या, मधल्या की खालच्या गटात बसते हे राज्याच्या स्कूल डॅशबोर्डवरून, म्हणजे शाळांच्या कामगिरीच्या रंगीत प्रगतिपुस्तकावरून, ठरतं. लागोपाठच्या दोन वर्षांचे रंग पाहायचे, असा नियम. आणि नेमका २०२० साली डॅशबोर्ड निघालाच नाही. २०२१ सालीही नाही. २०२२ साली निघाला तो बिनरंगाचा, नुसती त्या वर्षाची स्थिती दाखवणारा. रंग परतले २०२३ साली. मोजपट्टी हाताशी नसताना माप घेणं अन्यायाचं झालं असतं, म्हणून तारखा पुढे गेल्या.

ज्यांना चार्टर शाळा म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांना मी आपल्याकडच्या अनुदानित शाळेचं उदाहरण देते. संस्था खाजगी, पैसा सरकारी. फरक असा की इथे फी घेता येत नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते, आणि ठरावीक वर्षांनी परवाना नव्याने मिळवावा लागतो. अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा मिनेसोटात १९९१ साली झाला, कॅलिफोर्नियाचा १९९२ साली. आणखी एक फरक मोठा आहे. पैसा पटावर मिळत नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. मूल पटावर आहे पण आज आलं नाही, तर आजचा पैसा गेला. महाराष्ट्रातली २०११ची पटपडताळणी ज्यांना आठवते, त्यांना हजेरीपटाच्या कागदात किती जीव अडकलेला असतो हे वेगळं सांगायला नको.

आता मूळ विषय. करोनाकाळातल्या सगळ्या आदेशांकडे आज मागे वळून पाहताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. सूट मिळाली ती पैशाच्या मोजणीला. नोंदी ठेवण्याला सूट कधीच नव्हती, उलट नोंदी वाढल्या. ज्या शाळांनी हे पहिल्या उन्हाळ्यात ओळखलं त्या आज निर्धास्त आहेत. ज्यांनी “आता सगळं माफ आहे” असं धरलं, त्यांचे बोर्ड सदस्य आज माझ्यासमोर बसून जुने ईमेल शोधतात.

शुक्रवार, १३ मार्च २०२०. त्या दुपारी एका शाळेच्या जेवणघरात आम्ही मुलांना घरी द्यायचे क्रोमबुक लॅपटॉप मोजत होतो. लांबट टेबलांवर दहा-दहाचे ढीग, प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा आणि मार्करने लिहिलेला नंबर. ऑफिसमधल्या बाई वहीत नंबर, मुलाचं नाव आणि नेणाऱ्याची सही घेत होत्या. बाहेर गाड्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. त्याच दिवशी गव्हर्नरांचा एन-२६-२० हा आदेश निघाला. करोनामुळे शाळा बंद झाली तरी निधी चालू राहील, पण शिकवणं चालू ठेवा, मुलांना जेवण पोहोचवा आणि शक्य तितकी देखरेख करा, असं त्यात होतं. चारच दिवसांनी, १७ मार्चला, एसबी ११७ मंजूर झाला. २०१९-२० या वर्षाची सरासरी हजेरी १ जुलै २०१९ ते २९ फेब्रुवारी २०२० एवढ्याच काळाची धरायची, असं त्याने ठरवलं. मार्चपासूनची हजेरी हिशेबातच नाही. चार्टर शाळांनाही हे लागू होतं.

पुढच्या वर्षासाठी, २०२०-२१साठी, एसबी ९८ आला. जून २०२०च्या शेवटी. निधी पुन्हा २०१९-२०च्याच हजेरीवर. पण त्याच कायद्याने दूरस्थ शिक्षणाची सगळी चौकट घालून दिली, आणि आज तुम्हाला ज्याची फाइल शोधायची आहे ते हे प्रकरण. रोज किमान किती मिनिटांचं शिक्षण, तर बालवर्गाला १८०, पहिली ते तिसरीला २३०, चौथी ते बारावीला २४०. रोज शिक्षकांशी आणि वर्गमित्रांशी थेट संवाद. प्रत्येक मुलाकडे यंत्र आणि इंटरनेट. रोजच्या सहभागाची नोंद. आणि दर आठवड्याला प्रत्येक मुलाची एक सहभाग नोंद, जिच्यात थेट शिकवणं किती झालं, स्वतःहून करायचं काम किती झालं आणि गृहपाठाचं काय, हे सगळं यायचं. आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस किंवा ६० टक्के दिवस मूल दिसलं नाही, तर त्याला परत आणण्याची लेखी, पायऱ्यापायऱ्यांची पद्धत शाळेकडे असलीच पाहिजे. नोंदी नसतील तर त्या दिवसांच्या प्रमाणात निधी कापण्याची तरतूदही होती.

तिसरीच्या एका बाईंची ती साप्ताहिक नोंद माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एका मुलाची ओळ अशी होती. सोमवार, गैरहजर. मंगळवार, गैरहजर, दोनदा फोन, उचलला नाही. बुधवार, दहा मिनिटं आला, आवाज बंद, मागे धाकटं भावंड रडत होतं. गुरुवार, आईशी बोलणं झालं, हॉटस्पॉट बंद पडला आहे. शुक्रवार, आईने शाळेतून नवा हॉटस्पॉट नेला, वाचन पूर्ण. पाच चौकोनांत एका घराचा अख्खा आठवडा. ऑडिटरने नमुन्यासाठी योगायोगाने तोच आठवडा काढला, वाचला आणि काही न विचारता पुढे सरकला. त्याच शाळेतल्या दुसऱ्या एका वर्गाच्या नोंदीत सगळ्या मुलांना सगळ्या दिवशी एकसारखी खूण होती. जूनमध्ये एका बैठकीत भरल्याचं उघड दिसत होतं. शेरा त्या वर्गावर आला.

यातलं दुःख कळतं का? त्या वर्षी गैरहजर लिहिल्याने शाळेचा एक डॉलरही जाणार नव्हता. निधी आधीच्या वर्षावर गोठलेला होता. खरं लिहायला पहिल्यांदाच काही किंमत मोजावी लागत नव्हती, आणि तरी सवयीने खोट्या खुणा झाल्या.

याच गोठलेल्या निधीची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे, आणि बोर्डाने ती जरूर तपासावी. जी मुलं पडद्यावर दिसेनाशी झाली, त्यांचं काय केलं? एका शाळेत (नाव घेत नाही) सलग दहा दिवस न दिसलेल्या मुलांची नावं पटावरून काढल्याचं मला २०२१च्या वसंतात कळलं. घरी चिठ्ठी नाही, फोनची नोंद नाही. २०१७च्या एबी १३६० पासून चार्टर शाळेला कोणत्याही कारणाने मूल काढायचं असेल तर किमान पाच शालेय दिवस आधी पालकांना त्यांच्या भाषेत लेखी कळवावं लागतं, आणि पालकांना सुनावणी मागता येते. हा नियम करोनात एक दिवसही स्थगित नव्हता. ती यादी मी पाहिली तेव्हा तीत अर्ध्याहून अधिक घरं अशी होती, जिथे आईवडील शेतावर नाहीतर गोदामात कामाला जात होते आणि मोठी बहीण धाकट्यांना सांभाळत होती. त्या मुलांना शोधायला कुणीतरी दारापर्यंत जायला हवं होतं. पुढे आम्ही प्रत्येक घरी माणूस पाठवला. काही मुलं परत आली, काही तोवर दुसऱ्या राज्यात गेली होती.

नूतनीकरणात हे का येतं? शाळा कुठल्याही गटात असो, एबी १५०५ने ऑथरायझरला (चार्टर मंजूर करणाऱ्या संस्थेला) आणखी दोन कारणांवर नकार देता येतो असं म्हटलं आहे. एक, आर्थिक किंवा कारभारातले मोठे दोष. दुसरं, शिकू इच्छिणाऱ्या सगळ्या मुलांना शाळा सामावून घेत नाही. नकार देण्याआधी नोटीस आणि सुधारण्यासाठी ३० दिवस द्यावे लागतात, हे खरं. पण २०२०-२१मध्ये शाळा सोडलेल्या मुलांची यादी आणि प्रत्येक नावासमोरचं कारण तुमच्याजवळ असेल, तर त्या नोटिशीची वेळच यायची नाही.

उलटा प्रकारही घडला. निधी जुन्या हजेरीवर गोठल्यामुळे नव्याने आलेल्या मुलाबरोबर पैसा येत नव्हता. नवी इयत्ता सुरू करणाऱ्या, वाढणाऱ्या चार्टर शाळा यात भरडल्या. सप्टेंबर २०२०मध्ये एसबी ८२०ने वर्गात भरणाऱ्या शाळांना वाढीचा काही भाग मिळवून दिला, घरून शिकवणाऱ्या चार्टर शाळांना मात्र दिला नाही. तुमची शाळा त्या वर्षी वाढत होती का, हे पाहून ठेवा. २०२०-२१च्या ताळेबंदातले आकडे त्याशिवाय उलगडत नाहीत.

२०२१-२२ला खेळ पुन्हा बदलला. दूरस्थ शिक्षण हा प्रकार कायद्यातून संपला, उरला तो इंडिपेंडंट स्टडी, म्हणजे लेखी करार करून वर्गाबाहेर केलेला अभ्यास. एबी १३०ने त्या वर्षी डिस्ट्रिक्टांना तो देणं बंधनकारक केलं. चार्टर शाळांना बंधन नव्हतं, पण दिला तर सगळे नियम पाळायचे होते. विलगीकरणात घरी बसलेल्या मुलाचा आठवडा हजेरीत धरायचा तर लेखी करार हवा आणि त्यावर पालक, शिक्षक यांच्या सह्या हव्यात. त्या हिवाळ्यात ओमायक्रॉनच्या लाटेत निम्मा वर्ग आज आत, उद्या बाहेर. सह्या राहिल्या. त्या वर्षाच्या ऑडिटमध्ये मी पाहिलेले बहुतेक शेरे याच कराराचे आहेत, आणि बहुतेक प्रामाणिक धांदलीतून आलेले आहेत. तुमच्या शाळेवर असा शेरा असेल तर लपवू नका. शेरा काय होता, किती दिवसांची हजेरी परत केली, आता पद्धत काय आहे, असं सरळ लिहा. ऑथरायझरला शेऱ्यापेक्षा तोच शेरा दुसऱ्या वर्षी पुन्हा दिसला तर जास्त खुपतं.

जाता जाता एक. २०१९-२०चा ऑडिट अहवाल एरवीच्या १५ डिसेंबरऐवजी नंतरच्या तारखेचा दिसला तर घाबरू नका. त्या वर्षी मुदतच ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढवली होती.

आता पैसा. २०२०-२१च्या अर्थसंकल्पात राज्याने शाळांचे हप्ते पुढे ढकलले. फेब्रुवारीचा हप्ता नोव्हेंबरमध्ये, मार्चचा ऑक्टोबरमध्ये, एप्रिलचा सप्टेंबरमध्ये, मेचा ऑगस्टमध्ये आणि जूनचा जुलैमध्ये. हक्काचे पैसे बुडाले नाहीत, पण पगार दर महिन्याला द्यायचा असतो. डिस्ट्रिक्टला कर्ज स्वस्त मिळतं. ५०० मुलांच्या चार्टर शाळेला येणं विकून, मोठं व्याज देऊन रोकड उभी करावी लागते. हे संकट समोर दिसत होतं म्हणून अनेक चार्टर शाळांनी केंद्राचं पीपीपी कर्ज घेतलं, म्हणजे करोनात पगार चालू ठेवण्यासाठीचं, अटी पाळल्या तर माफ होणारं कर्ज. सरकारी डिस्ट्रिक्टांना ते खुलं नव्हतं, ना-नफा संस्था म्हणून नोंदलेल्या चार्टर शाळांना होतं. त्यावरून टीका खूप झाली. एरवी सार्वजनिक आणि कर्जापुरत्या खाजगी, असं म्हटलं गेलं. माझं मत विचाराल तर हप्ते ढकलले जाणार हे माहीत असताना शिक्षकांचे पगार सांभाळायला कर्ज घेणं गैर नव्हतं. पण ते का लागलं, हे त्याच वेळी बोर्डाच्या बैठकीत बोललं जायला हवं होतं, इतिवृत्तात उतरायला हवं होतं. अर्जावर ‘अनिश्चिततेमुळे कर्ज आवश्यक’ अशी प्रतिज्ञा होती. त्या प्रतिज्ञेमागचं रोकडीचं कोष्टक तुमच्या शाळेकडे आहे का, ते बघा.

आणि सगळ्यात आधी बघा ते दुहेरी दावा झालाय का. कर्ज माफ व्हायला आधी ७५ आणि जून २०२०नंतर ६० टक्के रक्कम पगारावर खर्च व्हावी लागत होती. त्याच सुमारास केंद्राचा ईसर निधीही, म्हणजे करोनाकाळातली शाळांसाठीची मदत, येत होता. एकाच शिक्षकाचा एकाच महिन्याचा पगार कर्जमाफीतही दाखवला आणि ईसरमध्येही लावला, अशी एक शाळा माझ्याकडे २०२२मध्ये आली. कुणी लबाडी केली नव्हती. कर्जमाफीचा अर्ज बाहेरच्या लेखापालाने भरला, ईसरचा अहवाल शाळेतल्या बाईंनी, आणि दोघांनी एकमेकांची पानं कधी पाहिली नाहीत. आम्ही तीन दिवस बसून पगारपत्रकाच्या ओळी रंगवल्या, कर्जाच्या पिवळ्या, ईसरच्या हिरव्या. ज्या ओळींवर दोन्ही रंग आले ती रक्कम ईसरमधून काढली आणि त्या जागी खरोखर झालेला दुसरा खर्च लावला. पीपीपीची कागदपत्रं कर्ज माफ झाल्यापासून सहा वर्षं ठेवावी लागतात, आणि २०२२च्या ऑगस्टपासून फसवणुकीच्या दाव्याची मुदत दहा वर्षं झाली आहे. म्हणजे हा विषय तुमच्या कारकिर्दीत मिटणारा नाही. रंगीत पगारपत्रक करून ठेवा.

ईसरचं थोडक्यात. तीन हप्ते. मार्च २०२०चा केअर्स कायदा, देशभरात १३.२ अब्ज डॉलर. डिसेंबर २०२०चा दुसरा, ५४.३ अब्ज. मार्च २०२१चा अमेरिकन रेस्क्यू प्लॅन, सुमारे १२२ अब्ज. वाटप टायटल वनच्या (गरीब मुलांच्या शिक्षणासाठीच्या केंद्राच्या निधीच्या) प्रमाणात, त्यामुळे गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या चार्टर शाळांना भरपूर मिळालं आणि टायटल वन न घेणाऱ्यांना जवळजवळ काही नाही. पैसा कशावर जाणार हे करारात बांधून टाकण्याच्या शेवटच्या तारखा अनुक्रमे ३० सप्टेंबर २०२२, २०२३ आणि २०२४. तिसऱ्या हप्त्यातला किमान २० टक्के भाग मुलांचं बुडालेलं शिक्षण भरून काढण्यासाठीच होता. अनेक छोट्या शाळांचा केंद्रीय खर्च याच काळात पहिल्यांदा साडेसात लाख डॉलरच्या वर गेला आणि त्यांना सिंगल ऑडिट, म्हणजे केंद्राच्या पैशाची वेगळी तपासणी, काय असते हे तेव्हा कळलं.

तिथे हमखास अडकणारी जागा म्हणजे वातानुकूलन आणि हवा खेळती ठेवण्याची कामं. इमारतीच्या कामाला आधी राज्याची मंजुरी लागत होती, आणि दोन हजार डॉलरच्या वरच्या बांधकामाला डेव्हिस-बेकन कायद्याचे मजुरी दर लागू होते. चार्टर शाळा बहुधा भाड्याच्या जागेत. केंद्राच्या पैशातून घरमालकाच्या छतावर यंत्रं बसली आणि भाडेकरार पुढच्या वर्षी संपतोय, असंही मी पाहिलं आहे. मंजुरीचं पत्र, ठेकेदाराची मजुरीपत्रकं आणि भाडेकराराची मुदत, तिन्ही एकत्र ठेवा.

अर्जातलं बहुवार्षिक अंदाजपत्रक वाचताना २०२०-२१ आणि २०२१-२२च्या शिल्लक रकमेवर भुलू नका. माफ झालेलं कर्ज त्या वर्षी उत्पन्न म्हणून दिसतं, ईसरही तसाच. दोन्ही एकदाचे. हजेरी घसरली तर डिस्ट्रिक्टला मागच्या तीन वर्षांच्या सरासरीचा आधार मिळतो. चार्टर शाळेला तो नाही, चालू वर्षाची हजेरी हाच तिचा पैसा. २०२१-२२ला वर्गात भरणाऱ्या चार्टर शाळांना करोनापूर्व हजेरीच्या प्रमाणात एकदा दिलासा मिळाला, तेवढाच. २०२२-२३चा आकडा हाच तुमच्या शाळेचा पहिला खरा आकडा समजा आणि तिथून पुढचा कल पाहा.

बैठकांबद्दल लवकर आटोपते. एसबी १२६मुळे १ जानेवारी २०२० पासून चार्टर बोर्डांना ब्राउन ॲक्ट, म्हणजे बैठका लोकांसाठी खुल्या ठेवण्याचा कायदा, स्पष्टपणे लागू झाला आणि अडीच महिन्यांत सगळ्या बैठका झूमवर गेल्या. १७ मार्च २०२०च्या एन-२९-२० आदेशाने सदस्यांच्या घरचा पत्ता अजेंड्यावर छापण्याची, तिथे लोकांना येऊ देण्याची अट थांबवली. सप्टेंबर २०२१मध्ये एबी ३६१ आला, त्यात दर ३० दिवसांनी ‘आणीबाणी चालू आहे’ असा ठराव करावा लागत होता. तो ठराव बऱ्याच ठिकाणी राहून गेला. राज्याची आणीबाणी २८ फेब्रुवारी २०२३ रोजी संपली. त्यानंतरच्या इतिवृत्तांत कुणी सदस्य घरून मतदान करताना दिसला तर ते कोणत्या नियमाखाली, हे वकिलाला विचारा. मास्क, सहा फूट, तीन फूट यांत आता वेळ घालवू नका. शाळेची सुरक्षा योजना तेव्हा संकेतस्थळावर होती याचा पुरावा फाइलमध्ये असला की पुरे.

योजनांची नावं मात्र गोंधळात टाकतात, कारण नेहमीचा एलकॅप (शाळेची उद्दिष्टं आणि खर्च यांचा आराखडा) २०२०-२१ला नव्हताच. १ जुलै २०२० पर्यंत कामकाजाचा लेखी अहवाल, ३० सप्टेंबर २०२० पर्यंत शिक्षण सातत्य आणि हजेरी योजना, १ जून २०२१ पर्यंत वाढीव शिक्षण अनुदानाची योजना, २९ ऑक्टोबर २०२१ पर्यंत तिसऱ्या ईसरची खर्च योजना. चारही बोर्डाने मंजूर केल्याची तारीख इतिवृत्तात सापडली पाहिजे.

विशेष गरजांच्या मुलांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण इथे माझं मन अजून शांत नाही. मार्च २०२०मध्ये शाळा घाबरल्या होत्या. सगळ्यांना सारखी सेवा देता येत नसेल तर कुणालाच देऊ नये, असं काहींनी ठरवलं. केंद्राच्या शिक्षण खात्याने २१ मार्चलाच खुलासा काढला की कायदा दूरस्थ शिकवण्याच्या आड येत नाही. २७ एप्रिलला शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांनी काँग्रेसला कळवलं की या मुलांच्या मोफत आणि योग्य शिक्षणाच्या मूळ हक्काला सूट द्यावी असं त्या सुचवत नाहीत. म्हणजे हक्क पूर्ण शाबूत होता. पण बोलण्याचे उपचार, हातांचे व्यायाम, शेजारी बसणारी मदतनीस, हे सगळं पडद्यावर होत नव्हतं. सात वर्षांच्या एका मुलाची आई आयईपीच्या (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या) झूम बैठकीत कॅमेरा वळवून दाखवत होती, तो टेबलाखाली कानांवर हात ठेवून बसला होता. बैठकीत कुणी काही बोललं नाही.

जे तास बुडाले त्यांची भरपाई देणं लागत होतं. ती दिली का, किती दिली, कोणत्या मुलाला देऊ केली आणि पालकांनी नको म्हटलं, याचा तक्ता तुमच्या विशेष शिक्षण प्रमुखांकडे हवा. २०२०च्या त्याच अर्थसंकल्पी कायद्याने, एसबी ९८ने, आणखी एक अट घातली ती आजही चालू आहे. शाळा दहापेक्षा जास्त शालेय दिवस आणीबाणीने बंद राहिली तर या मुलाला सेवा कशी मिळेल, हे प्रत्येक आयईपीत लिहिलेलं असायला हवं. वणव्याच्या धुरामुळे शाळा बंद होणाऱ्या या राज्यात ती ओळ कामाला येते. चार-पाच आयईपी उघडून बघायला सांगा. बहुतेकांत एकच वाक्य सगळ्या मुलांना चिकटवलेलं सापडेल, ते बदलून घ्या.

करोनाकाळातला एक निधीही अजून जिवंत आहे, लर्निंग रिकव्हरी ब्लॉक ग्रँट. २०२२ साली राज्याने तो दिला आणि २०२७-२८ पर्यंत वापरता येतो. करोनाकाळात गरीब मुलांना समान शिक्षण मिळालं नाही म्हणून पालकांनी राज्यावर दावा लावला होता. फेब्रुवारी २०२४च्या तडजोडीत या निधीतले किमान दोन अब्ज डॉलर सर्वांत मागे पडलेल्या मुलांसाठी राखायचं ठरलं. आता गरजांची पाहणी करूनच तो खर्च करायचा आणि २०२५-२६ पासून एलकॅपमध्ये दाखवायचा. तुमच्या शाळेत किती शिल्लक आहे ते विचारा. नूतनीकरणाच्या अर्जात ‘मागे पडलेल्या मुलांसाठी काय केलं’ या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर तुमच्याकडे नसेल.

डॅशबोर्डवर शाळा मधल्या किंवा खालच्या गटात दिसत असेल, तर राज्याच्या शिक्षण मंडळाने मान्य केलेल्या चाचण्यांचे आकडे, ज्यांना व्हेरिफाइड डेटा म्हणतात, तेही जोडा. चाचणी किती टक्के मुलांनी दिली हे तिथे पाहिलं जातं. निवडक मुलांचे गुण जोडले तर विश्वास जातो.

आणि एक काम अर्जाची वाट न पाहता याच आठवड्यात करा. २०२०-२१च्या साप्ताहिक नोंदी बहुतेक शाळांत शिक्षकांच्या शाळेच्या गूगल खात्यांत आहेत. शिक्षक नोकरी सोडून गेले की खातं बंद होतं आणि काही दिवसांनी त्यातलं सगळं पुसलं जातं. माझ्या ओळखीच्या एका शाळेत पाचवीच्या तिन्ही वर्गांच्या नोंदी अशाच गेल्या. त्या वर्षी शिकवणारे किती जण आता शाळेत नाहीत, त्यांच्या फाइली कुणाच्या नावावर आहेत आणि त्या शाळेच्या स्वतःच्या जागेत उतरवल्या आहेत का, एवढं ऑफिस मॅनेजरना उद्या सकाळीच विचारा.